करंगळीची खूण

सान रोके वाडीत येशूच्या यातनांची पोथी वर्षातून एकदाच बाहेर निघते, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, आणि पुढच्या चटईवर कोण बसणार हे कुणी कुणाला विचारत नाही. आलिंग इसांग, म्हणजे इसांगबाई, बसणार. सरोवराच्या काठाला तिची बदकं, अंगाला कायम चिखलाचा आणि कोंड्याचा वास, पुढचे दोन दात पडलेले. पण तिने पोथी उघडून पहिला सूर लावला की वाडीचा मुखिया, काबेसा सिमियोनसुद्धा, ज्याला देवापेक्षा झुंजीचे कोंबडे जवळचे, टोपी काढून जिन्याच्या पायरीवर बसायचा. बाकीच्या बायका आळीपाळीने वाचायच्या, अडखळायच्या, ओळ चुकली की तोंडावर हात ठेवून हसायच्या. इसांग कधी अडखळली नाही. ओळीखालून बोट फिरवत, पान वेळेवर उलटत ती अशी वाचायची की वाडीतल्या आया पोरींना शाळेत धाडताना म्हणायच्या, "नीट शीक, म्हणजे आलिंग इसांगसारखं वाचता येईल."

आलिंग इसांगला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

हे दोघींनाच ठाऊक होतं. एक ती स्वतः आणि दुसरी फिदेला. बाप्तिस्म्याच्या वेळी फिदेलाला हातावर घेतलं होतं ते इसांगनेच; ती तिची निनांग, धर्ममाता. फिदेला लहान असताना पोथीच्या वेळी निनांगच्या डाव्या अंगाला बसून मेणबत्तीची काजळी कापायची. एका वर्षी मेण सांडून दोन पानं चिकटली होती. निनांगने ती दोन्ही एकदमच उलटली आणि मधल्या, झाकल्या गेलेल्या पानावरचं गाणं बिनचूक गात राहिली. फिदेला नुकतीच शाळेत अक्षरं जोडायला शिकली होती. तिने पानाकडे पाहिलं, मग निनांगच्या तोंडाकडे. निनांगने गाणं न थांबवता तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत दटावणी नव्हती, विनवणी होती, आणि मोठ्या माणसाच्या डोळ्यांत विनवणी बघायची फिदेलाची ती पहिलीच वेळ.

निनांगला सगळी पोथी तिच्या आईकडून ऐकून पाठ होती. गाणं तिचं, पान तेवढं परकं. त्या दिवसापासून पान उलटायची वेळ आली की फिदेला चटईवर टेकलेल्या तिच्या हाताची करंगळी हळूच दाबायची. तेवढंच. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. फिदेला मोठी झाली, शहरात शिकून मास्तरीण होऊन आली, लग्न झालं, पण दरवर्षी त्या आठवड्यात ती निनांगच्या डाव्या अंगाला बसायचीच. लोक म्हणायचे, मास्तरीण झाली तरी पोर किती मायेची. यंदा तर मांडीवर लिगायाला, आपल्या तान्हीला, घेऊन बसली. पेत्र कोंबडा आरवायच्या आत गुरूला ओळखत नाही म्हणतो, तो भाग निनांगच्या वाट्याचा. तो गाताना तिचा आवाज दरवर्षी भरून यायचा, यंदाही आला. फिदेलाने करंगळी दाबली, पान उलटलं, बायकांनी डोळे पुसले.

ईस्टर झाला आणि सहीची धांदल सुरू झाली.

मनिलाच्या विधिमंडळातल्या पुरुषांनी बायकांना मताचा हक्क द्यायचं कबूल केलं होतं, पण अट घातली होती: आधी देशभरातल्या तीन लाख बायकांनी एका खास मतदानाला येऊन, आम्हाला हक्क हवा म्हणून स्वतःच्या हाताने लिहून द्यावं. पुरुषांना हक्क देताना, तुम्हाला हवा का, असं कुणी विचारलं नव्हतं. पण ते असो. शिवाय अक्षरओळख हवी. त्या मतदानासाठी आधी सही करून नाव लावायचं, आणि नाव लागायचं तर लिहिता-वाचता आलं पाहिजे, मग इंग्रजी येवो, स्पॅनिश येवो, नाहीतर आपली तागालोग. गावाच्या महिला मंडळाची चिटणीस फिदेला. ती आणि आणखी काही जणी छत्र्या घेऊन उन्हात दारोदार हिंडायच्या. पेठेतल्या बायका चटकन तयार झाल्या. सान रोकेच्या होईनात.

"मी?" मासेवाली मोनांग म्हणाली. ती तोंडाची फटकळ आणि मनाची भित्री. "मी नाव लिहायला लागले की जीभ बाहेर येते माझी, पोरं हसतात. आलिंग इसांग येणार आहे का?"

"विचारलं नाही अजून."

"मग आधी तिला विचार. एवढी वाचणारी बाई घरात बसणार आणि मी पुढं पुढं करणार? शोभतं का ते, मास्तरीणबाई?"

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. या बायकांना थोडंफार वाचता येत होतं, शाळेच्या दोन-तीन इयत्ता झालेल्या, नाव लिहिता यायचं, प्रार्थनेचं पुस्तक चाचपडत वाचता यायचं. पण त्यांच्या लेखी वाचणं म्हणजे इसांगचं वाचणं. तिच्यासमोर आपल्याला वाचता येतं असं म्हणायची त्यांना लाज वाटायची. आणि ती मानी बाई स्वतःहून पुढे येत नव्हती, तेव्हा या गोष्टीत काहीतरी खोट असणार, असा त्यांचा हिशेब. मंडळाच्या बैठकीत अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "सगळ्या वाडीची चावी त्या एका म्हातारीकडे आहे. तुझीच ना ती निनांग? आण की तिला."

आता यावर फिदेलाला दोन वाटा होत्या. 'तिची तब्येत बरी नसते' असं म्हणून ती गप्प बसू शकली असती. वाडी गेली असती, पण तीन लाखांत एका वाडीने काय बिघडणार होतं? हे तिला त्याही वेळी कळत होतं. पण काबेसा सिमियोन झुंजीच्या रिंगणात सगळ्यांदेखत म्हणाला होता की सान रोकेमधून मोजून दहा बायका आल्या तर मी माझा पांढरा कोंबडा कापून खाईन. आणि ते फिदेलाच्या फार जिव्हारी लागलं होतं. खरं सांगायचं तर तिला हक्काइतकाच तो कोंबडा हवा होता. पुढे तिने स्वतःला पुष्कळ माफ करायचा प्रयत्न केला, पण त्या कोंबड्यापाशी येऊन ती दर वेळी अडायची.

निनांग बदकांच्या कुंपणात वाकून त्यांना खायला शंखी, पाण्यातल्या गोगलगायी, टाकत होती. फिदेलाने आधी नेहमीप्रमाणे तिचा हात घेऊन कपाळाला लावला.

"देव तुझं भलं करो," निनांग म्हणाली. "बाळ कुठाय?"

"सासूबाईंकडे. निनांग, एक काम होतं."

"सहीचं ना? मोनांग सांगून गेली." ती सरळ झाली, कमरेवर हात ठेवला. "माझे गुडघे दुखतात गं. आणि बदकांकडे कोण बघणार?"

"सकाळचं तासाभराचं काम आहे."

"मला काय करायचंय मत घेऊन? माझं बदकंसुद्धा ऐकत नाहीत."

फिदेला हसली नाही. "तुम्ही आल्या नाहीत तर वाडीतली एकसुद्धा येणार नाही. सगळ्या तुमच्या तोंडाकडे बघतात."

निनांगने टोपली खाली ठेवली.  मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "तुला ठाऊक आहे, फिदेला."

एवढ्या वर्षांत त्या गोष्टीचा हा पहिला उच्चार.  फिदेलाने तिथेच थांबायला हवं होतं.

"सही मी शिकवते," ती म्हणाली. "नाव लिहायचं, बस. आणि मताच्या दिवशी फक्त 'ओओ' लिहायचं, 'हो' म्हणून. दोन गोल काढायचे. अंड्यावर खूण करता तसे."

"आणि वाचायला सांगितलं तर?"

"तुम्हाला? तुम्हाला कोण सांगणार वाचायला? सगळा गाव तुमचं वाचन ऐकत लहानाचा मोठा झालाय. शंका आलीच तर ती मोनांगवर येईल."

"तरी पण?"

"मी बाजूलाच असेन ना, निनांग. दरवर्षी असते तशी."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. त्या चिकटलेल्या पानांच्या दिवशी पाहिलं होतं तसंच. मग ती म्हणाली, "बरं. दाखव कसे काढायचे ते गोल."

चार दिवस फिदेला रोज सकाळी जाऊन तिला नाव लिहायला शिकवत होती. निनांगचा हात जड होता, पण नजर पक्की. पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला नाव उमटलं. ती हरखून गेली, आणि ते लपवायला बदकांवर ओरडायला लागली. शेवटच्या दिवशी निघताना फिदेलाच्या मनात आलं: शाळेच्या भिंतीवर कायद्याचा कागद लावलाय, तेवढा एकदा वाचून दाखवावा. एकदा कानावर पडलेलं निनांग विसरत नाही. एखादी नवी प्रार्थना आली की फिदेला आदल्या दिवशी वाचायची आणि दुसऱ्या दिवशी निनांग ती पुस्तकातून वाचल्यासारखी म्हणायची. सगळा कागद म्हणजे प्रार्थनेएवढाच. पण उशीर झाला होता, लिगाया भुकेली असणार, आणि मंडळाच्या बायकांना भेटायचं राहिलं होतं. राहू दे, असं म्हणून ती निघाली.

सहीच्या दिवशी शाळेच्या अंगणात सान रोकेच्या बायका आल्या त्या मिरवणुकीसारख्या. इसांग पुढे, धुतलेला, कडक पान्युएलोचा रुमाल खांद्यावर, पायात चपला, मागे मोनांग आणि बाकीच्या. दहा कुठे, चांगल्या तीस-चाळीस होत्या. पायरीवर काबेसा सिमियोन बसला होता.

"अरे वा," तो म्हणाला, "आज घरी भात कोण शिजवणार?"

"तुमच्याकडे कोंबडा शिजायचाय ना," मोनांग म्हणाली, "सगळ्या तिकडेच येतोय."

बायका खिदळल्या. फिदेलाला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

आत टेबलामागे तपासनीस म्हणून मांग दियोनिसियो, म्हणजे दियोनिसियोकाका, बसले होते, औषधांच्या दुकानाचे मालक. भला माणूस. बायकांच्या बाजूचा, हे महत्त्वाचं. सकाळपासून सिमियोन आणि त्याचे दोस्त खिडकीतून टोमणे मारून त्यांना छळत होते: या बायकांना वाचता येत नाही, मंडळाने शिकवून आणलंय. इसांगला दारात बघून मांग दियोनिसियोंचा चेहरा उजळला.

"आलिंग इसांग! या, या. सही करा." तिने सही केली. हात न थरथरता, सुबक. सिमियोन पुन्हा खिडकीशी आला होता, त्यांनी सही तिकडे वळवून दाखवली. "बघ रे सिमियोन. आणि म्हणे वाचता येत नाही. हे बघ, आता असं करू." ते उठले, भिंतीवरचा कागद काढला आणि दोन्ही हातांनी, पोथी द्यावी तसा, तिच्यासमोर धरला. "आलिंग इसांग, हा कायदा तुम्हीच या सगळ्यांना वाचून दाखवा. तुमच्या आवाजात. म्हणजे यांची तोंडं कायमची बंद होतील."

त्यांच्या मनात मानाशिवाय दुसरं काही नव्हतं. सगळ्या वाडीच्या मनात नव्हतं. बायका पुढे सरकल्या, एकीने पोराला गप्प केलं, पोथी सुरू होताना करतात तसं. सिमियोननेसुद्धा, सवयीने, टोपी काढली.

इसांगने कागद घेतला.

"डोळे अधू झालेत आता," ती म्हणाली.

"अहो, हा घ्या माझा चष्मा," मांग दियोनिसियो म्हणाले आणि त्यांनी स्वतःचा चष्मा काढून तिला लावून दिला.

फिदेला तिच्या डाव्या अंगाला होती. हातभर अंतरावर. तिला तो कागद तोंडपाठ होता. पंधरा दिवस दारोदार तेच म्हणत होती ती. पहिले दोन शब्द तिच्या कानात पुटपुटली असती तरी, कोण जाणे, निभावलं असतं. किंवा सरळ म्हणाली असती, "निनांग थकली आहे, मी वाचते." किंवा काहीच नाही, नुसता हात धरला असता. चष्म्याआडून निनांग कागदाकडे बघत नव्हती. ती फिदेलाच्या हाताकडे बघत होती.

आणि फिदेलाचा हात हलला नाही. तिला दिसत होत्या मागच्या तीस-चाळीस बायका, सही व्हायच्या राहिलेल्या. दिसत होता सिमियोनचा हळूहळू रुंदावत चाललेला चेहरा.

"वाचता येत नाही हिला," सिमियोन म्हणाला. आधी स्वतःशीच, विश्वास न बसल्यासारखा. मग मोठ्याने. "वाचता येत नाही! एवढी वर्षं आपल्याला फसवत आली ही. आणि ही मास्तरीण तिला घेऊन आली सही करायला. मांग दियो, आता एकेकीला तपासा, सगळ्या अशाच असणार. विचारा हिला. विचारा, तुला माहीत होतं का?"

मांग दियोनिसियो चष्म्याशिवाय डोळे बारीक करून बघत होते. त्यांचा आवाज बसला होता. "फिदेला, तुला हे माहीत होतं?"

हो म्हटलं असतं तर मंडळाने आणलेली प्रत्येक सही संशयात आली असती. मागच्या बायका तिथूनच घरी गेल्या असत्या. तिची नोकरीही गेली असती कदाचित. ही सगळी कारणं खरी होती. पण तिने ती नंतर शोधली. त्या क्षणी ती नुसती घाबरली होती.

"नाही," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

 मग निनांगनेच चष्मा काढला, दोन्ही काड्या नीट मिटून मांग दियोनिसियोंच्या हातात दिला.

"तिला कुठून माहीत असणार," ती म्हणाली. "मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पोरीचा दोष नाही. माझी सही खोडा." मग वळून मोनांगला म्हणाली, "थांबलीस का? तुला येतं ना वाचायला? जा पुढे. जीभ बाहेर आली तर येऊ दे."

मोनांग डोळे पुसत पुढे झाली आणि तिने अडखळत, बोट ठेवून कागद वाचला. तिच्या मागे दुसरीने. मांग दियोनिसियोंनी खरोखरच एकेकीला वाचायला लावलं, आणि एकेक ओळ, जशी जमेल तशी, त्या वाचत गेल्या. सिमियोन कंटाळून निघून गेला. इतकी वर्षं ज्यांना वाटत होतं आपल्याला वाचता येत नाही, त्या सगळ्यांना वाचता येत होतं. मंडळात रात्री आल्याचा काढा आणि सुमान, केळीच्या पानात शिजवलेला गोड भात, वाटले. अध्यक्षीणबाईंनी फिदेलाला मिठी मारली: तू प्रसंगावधान राखलंस, नाहीतर वाडी गेली होती. फिदेलाने आपल्या वाट्याचा सुमान तसाच ठेवून दिला.

त्यानंतर ती दोनदा निनांगच्या घराच्या वळणापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा आत गेली. निनांग घरी नव्हती, अंडी द्यायला बाजारात गेली होती. जिन्याखाली टोपल्यांत कोंड्यात ठेवलेली अंडी होती. त्यांतली ठेवायची कोणती, विकायची कोणती हे कळायला निनांग कोळशाने रेघ ओढायची. एका टोपलीतल्या अंड्यांवर रेघ नव्हती. दोन गोल होते. काहींवर वेडेवाकडे, लंबुळके, एकमेकांत घुसलेले. टोपलीच्या तळाकडून वर यावं तसे सुधारत गेलेले, आणि शेवटी शेवटी अगदी गरगरीत. मत नको म्हणणाऱ्या, गुडघ्यांची कारणं सांगणाऱ्या म्हातारीने घरी एकटीने बसून ते काढले होते. फिदेला जिन्याखाली उकिडवी बसली आणि तोंडात रुमाल कोंबून रडली. तिला वाटत होतं निनांग तिच्यासाठी आली होती. निनांग स्वतःसाठीही आली होती.

शेजारीण म्हणाली, "इसांगनं पोथी ठेवायची घडवंची परत केली गं. म्हणाली, पुढच्या वर्षी दुसरं कुणी बसवा. पोरं मागं लागतात ना तिच्या आता. पोथी वाच, पोथी वाच म्हणून."

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी मतदान झालं. मंडळाने शाळेसमोरच्या चिंचेखाली झोळ्या बांधल्या होत्या. ज्यांना घरी कुणी नाही त्या बायकांनी पोरं तिथे ठेवायची आणि मत देऊन यायचं. पोरं सांभाळायला मंडळाच्या दोन पोरी नेमल्या होत्या, त्या पार गांगरल्या होत्या. फिदेला लिगायाला घेऊन पोचली तेव्हा झाडाखाली शांतता होती. चिंचेच्या मुळावर निनांग बसली होती. एका झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात, एक पोर मांडीवर, एक पाठीवर.

फिदेला थबकली. निनांगने हात पुढे केले.

"दे इकडे. रांग वाढतेय."

"निनांग, मी..."

"आधी जाऊन ये."

फिदेला आत गेली. टेबलामागे तेच मांग दियोनिसियो, तोच चष्मा. तिने ठरवलं होतं. कागद हातात घ्यायच्या आधी ती म्हणाली, "मांग दियो, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला माहीत होतं. लहान असल्यापासून माहीत होतं. मीच तिला आणलं होतं, सही मीच शिकवली होती."

तिला वाटलं होतं आता ते संतापतील, तिचं नाव खोडतील, बाहेर काढतील. मनातून तिला तेच हवं होतं. मांग दियोनिसियोंनी चष्मा कपाळावर सरकवला, मागच्या लांबलचक रांगेकडे पाहिलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "मला नाही का कळलं ते? त्याच दिवशी कळलं. आता ते कशाला उकरतेस? बायका उन्हात उभ्या आहेत. घे कागद, लिही, आणि पुढे हो."

तिने लिहिलं. दोन गोल. ते निनांगच्या पहिल्या अंड्यावरच्या गोलांसारखे वेडेवाकडे आले. घडी घालून तिने कागद पेटीत टाकला. ज्या क्षणासाठी महिनाभर वणवण केली तो क्षण होऊन गेला, आणि तिला आनंद म्हणून काही झाला नाही.

बाहेर येऊन ती निनांगसमोर चिंचेच्या मुळाशी गुडघे टेकून बसली. लिगाया म्हातारीच्या खांद्यावर झोपली होती.

"मी सांगितलं त्यांना," फिदेला म्हणाली. "खरं काय ते."

"आज?"

"आज."

निनांगने मान हलवली. बाजारात अंड्यांचा भाव ऐकून हलवावी तशी. "लिहिलंस का?"

"लिहिलं."

"नीट आले गोल?"

"नाही."

"माझे नीट आले असते," निनांग म्हणाली.

 फिदेलाने वाकून निनांगचा हात घेतला. निनांगने तो घेऊ दिला. तिने तो कपाळाला लावला.

"देव तुझं भलं करो," निनांग म्हणाली. गल्लीतल्या कुठल्याही पोराने हात कपाळाला लावला तरी ती हेच म्हणायची, याच आवाजात.

फिदेलाने हात सोडला नाही. चटईवर टेकलेला असावा तसा तो हात तिने स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि त्याची करंगळी दाबली. हळूच, दरवर्षी दाबायची तशी.

निनांगने आपल्या करंगळीकडे पाहिलं, मग फिदेलाकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर फिदेलाला बरं वाटलं असतं.

"आता कशाला गं?" ती म्हणाली. "त्या दिवशी मी तुझ्या हाताचीच वाट बघत होते. आता समोर पान कुठाय?"

तिने हात हलकेच काढून घेतला, कारण झोळीतलं पोर उठलं होतं, आणि दोरी ओढायला दुसऱ्या कुणाचा हात मोकळा नव्हता. शाळेच्या दारातून मोनांग हसत, पायऱ्या उतरत येत होती.